दातांवरचे पट्टे आणि बोअरचं पाणी : फ्लोरोसिसबद्दल हे माहीत हवं

पाणी नितळ, चवीला चांगलं, वास नाही. तरीही त्यात फ्लोराईड जास्त असू शकतं. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडसह राज्यातल्या अनेक जिल्ह्यांत काही गावांच्या भूजलात हा क्षार प्रमाणाबाहेर आढळला आहे. असं पाणी वर्षानुवर्षे पोटात गेल्याने फ्लोरोसिस होतो.

पाण्यात येतं कुठून?
काही खडकांतच फ्लोराईड असतं. खोल बोअरचं पाणी खडकात दीर्घकाळ राहतं, तेव्हा ते त्यात विरघळतं. त्यामुळे एका हातपंपाचं पाणी चांगलं आणि शेजारच्याचं वाईट, असंही होतं. भारतीय मानकानुसार लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराईड योग्य. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालतं.

पहिली खूण मुलांच्या दातांवर
साधारण आठ वर्षांपर्यंत पक्क्या दातांचं आवरण तयार होत असतं. त्या काळात फ्लोराईड जास्त गेलं तर दातांवर पांढुरके, पिवळे किंवा तपकिरी आडवे पट्टे उमटतात. घासून ते जात नाहीत. गावातल्या अनेक मुलांचे दात असे दिसले तर आधी पाणी तपासा.

पुढे हाडांवर परिणाम
मोठ्यांची कंबर, मान, गुडघे दुखतात, सांधे आखडतात. खाली वाकून पायाची बोटं धरता येतात का? हनुवटी छातीला टेकते का? दोन्ही हात डोक्यामागे नेता येतात का? जमत नसेल तर डॉक्टरांना दाखवा. कारणं इतरही असू शकतात. एक्स-रे आणि लघवीच्या तपासणीतून निदानाला मदत होते. हाडं एकदा वाकली की औषधाने सरळ होत नाहीत. म्हणून वेळीच पाणी बदलणं हाच मुख्य उपाय.

घरी काय चालतं, काय नाही?
उकळून फ्लोराईड जात नाही. उलट पाणी आटल्याने प्रमाण वाढतं. साधा कँडल फिल्टर किंवा घरात फिरवलेली तुरटीही पुरत नाही. नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने विकसित केलेल्या नलगोंडा पद्धतीत तुरटी, चुना आणि ब्लिचिंग पावडर वापरतात. पण त्याचं माप पाणी तपासूनच ठरतं. आरओ यंत्राने फ्लोराईड कमी होतं, मात्र त्यातून बाहेर टाकलेलं पाणी स्वयंपाकाला वापरू नका.

पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी तपासलेला, सुरक्षित स्रोत वापरा. भाजी-वरणातही तेच पाणी जातं, हे विसरू नका. अंघोळ, धुणीभांडी बोअरच्या पाण्यावर चालतील. नीट साठवलेलं पावसाचं पाणीही उपयोगी. त्यात फ्लोराईड नगण्य असतं, पण पिण्याआधी ते निर्जंतुक करून घ्या. आहारात दूध, ताक, शेवग्याचा पाला, आवळा, लिंबू ठेवा. कोरा चहा आणि काळं मीठ कमी करा.

तपासणी कुठे?
ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे पाण्याचा नमुना तपासायला पाठवण्याची मागणी करा. आधीचा अहवाल असेल तर तो बघायला मागा, आणि त्यात फ्लोराईडचा आकडा कोणत्या बोअरचा आहे तेही विचारा. दूषित हातपंपावर ‘पिण्यास अयोग्य’ असं ठळक लिहून घ्या.