भूमीविना भाषा : जरीपटक्याच्या निमित्ताने

कळमन्याच्या बाजार समितीच्या आवारात सकाळी उभे राहिले की मराठी, हिंदी, छत्तीसगढी आणि सिंधी या भाषा एकाच वेळी कानी पडतात. पहिल्या तिघींचा प्रदेश आम्हांला विद्यार्थ्यांना भारताच्या नकाशावर दाखवता येतो. चौथीचा येत नाही. फाळणीचे साहित्य शिकवताना आम्ही मंटोंच्या कथांपाशी, म्हणजे पंजाबपाशी थांबतो; कळमन्याहून फार दूर नसलेल्या जरीपटक्यापर्यंत पोचत नाही. ही उणीव आमची आहे आणि हे टिपण तिच्यातूनच सुचले.

1947 मध्ये पंजाब आणि बंगाल विभागले गेले. त्यांचा एकेक भाग भारतात राहिल्याने तेथून आलेल्यांची घरे गेली, तरी भाषेला घर उरले. सिंध मात्र अखंडपणे पाकिस्तानात गेला. 1941च्या जनगणनेनुसार त्या प्रांतात सुमारे एक चतुर्थांश लोक हिंदू होते. त्यांतील अनेकांनी आरंभी गाव सोडले नव्हते. 6 जानेवारी 1948 रोजी कराचीत दंगल झाली आणि स्थलांतराला वेग आला. कोणी जहाजाने मुंबईस आले, कोणी रेल्वेने मारवाडमार्गे. मुंबई त्यांना अगदीच परकी नव्हती. 1936 पर्यंत सिंध मुंबई इलाख्याचाच भाग होता. कल्याणजवळच्या लष्करी छावणीचे 1949 साली उल्हासनगर झाले. नागपुरात जरीपटका ही सिंधी लोकांची प्रमुख वसाहत ठरली. मराठ्यांच्या निशाणाचे नाव मिरवणाऱ्या वस्तीत सिंधूकाठची माणसे संसार मांडू लागली.

मराठीने त्यांना ‘निर्वासित’ म्हटले. या शब्दात हाकलले जाणे आहे, नव्याने वसणे नाही. हिंदीतल्या ‘शरणार्थी’ या शब्दाऐवजी ‘पुरुषार्थी’ म्हणावे, असा आग्रह त्या पिढीतील अनेकांनी धरला, तो आम्हांला म्हणूनच अर्थपूर्ण वाटतो.

पुढची गोष्ट नागपूरची आहे. हे लोक आले तेव्हा नागपूर मध्यप्रांत व वऱ्हाडची राजधानी होते. 1950 मध्ये त्या प्रांताचे नाव मध्यप्रदेश झाले. 1 नोव्हेंबर 1956 रोजी शहर द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले आणि 1 मे 1960 रोजी महाराष्ट्रात आले. एकदा देश सोडून आलेल्यांचे राज्य अशा रीतीने जागच्या जागी बदलत राहिले. भाषावार प्रांतरचनेने आम्हां मराठी भाषकांना एक राज्य दिले. त्याच तत्त्वाने शेजारच्या सिंधी माणसाला देण्याजोगे काही नव्हते. 10 एप्रिल 1967 रोजी सिंधीचा घटनेच्या आठव्या परिशिष्टात पंधरावी भाषा म्हणून समावेश झाला, तो प्रदेशावाचून मिळालेला मान होता. राष्ट्रगीतातून ‘सिंध’ हा शब्द वगळावा ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये फेटाळली. नकाशावर नसलेला प्रांत गीतात राहिला.

तथापि मान मिळाला म्हणजे भाषा रुजली असे होत नाही. इंग्रजी अमदानीत, 1853 साली, सिंधीसाठी 52 अक्षरांची अरबी वळणाची लिपी निश्चित झाली होती. फाळणीनंतर भारतात तिच्याबरोबर देवनागरीचाही पुरस्कार झाला आणि लिपीचा वाद दीर्घकाळ चालला. येथे वाढलेली मुले हिंदी, मराठी आणि इंग्रजी शिकली. परिणामी कित्येक घरांत आजोबांच्या हातचे पत्र नातवाला वाचता येत नाही. हे पत्र कोणी जाळले नाही, कोणी हिरावले नाही. ते कपाटात सुखरूप आहे.

घर बांधले, दुकान थाटले की पुनर्वसन झाले, असे सरकारी दप्तर मानते. साहित्याच्या अभ्यासकांना तेवढ्यावर थांबता येणार नाही. माणसे एका पिढीत स्थिरावतात; भाषेला मात्र वाचणारा लागतो. भाषेच्या नावाने राज्य मिळवलेल्या समाजातील आम्हा अध्यापकांनी निदान शेजारची ही भाषा भाषांतरातून का होईना, वर्गात आणली पाहिजे. मंटोंच्या कथेनंतरचा तास जरीपटक्याचा असावा, असे आम्हांस वाटते.