दिलेली ओसरी

‘भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी’ ही म्हण तुम्ही आम्ही सर्वांनीच ऐकलेली आहे. तिचे मर्म जातीत नाही, ओसरीत आहे. घरधनी भिडेखातर चार दिवस जागा देतो. चार दिवसांचे चार महिने होतात, चार महिन्यांची चार वर्षे होतात; आणि मग एक दिवस घरधनीच आपल्या उंबरठ्यावर परक्यासारखा उभा राहतो. आता या पाहुण्याला काढायचे कसे? हा प्रश्न आजकालचा वाटतो खरा. पण आपल्या मावळात त्याच्या मागे मोठा इतिहास आहे. तो पाहिला म्हणजे आजची वाटही सापडते.

पवन, आंदर आणि नाणे या तीन मावळांतली जुनी खेडी डोळ्यांपुढे आणा. पेशवाईत गावच्या शेतकऱ्यांचे मुख्य वर्ग दोन: मिरासदार आणि उपरी. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची. ती त्याला विकता येई, गहाण टाकता येई. उपरी मात्र बाहेरून आलेला. कौल-करारावर जमीन कसणारा. मिरासदार दुष्काळाने किंवा कर्जाने परागंदा झाला, तर त्याची जमीन दुसऱ्याला कसायला देत. पण कित्येक वर्षांनी तो किंवा त्याचा मुलगा परत आला आणि थकलेले देणे चुकते केले, तर मिरास त्याला परत मिळण्याची रीत होती. एल्फिन्स्टनसाहेबाने १८१९ साली पेशव्यांच्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात या मिरासी हक्काचा विचार केलेला आहे. आत कोण बसला आहे एवढेच पाहायचे नाही, तो कोणत्या नात्याने आत आला तेही पाहायचे, हे तत्त्व आपल्या गावगाड्याला ठाऊक होते. आणि तंटा पडला तर तो गोतासमोर मांडायचा, साक्षी घ्यायच्या, निवाड्याचा महजर करायचा. बळाने ओढून काढणे म्हणजे न्याय नव्हे, एवढी समजूत तेव्हाही होतीच.

इंग्रजी अमलात या समजुतीला मुदती आल्या. मुंबई इलाख्याच्या १८२७ च्या कायद्याने तीस वर्षांच्या अखंड मालकी वहिवाटीला मान दिला. पुढे १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने दोन गोष्टी पक्क्या केल्या. पहिली, स्थावर मिळकतीच्या दाव्याला बारा वर्षांची मुदत. दुसरी अशी की कबजा असलेल्याला कायद्याची रीत सोडून कोणी बाहेर काढले, तर त्याने सहा महिन्यांच्या आत दावा लावावा. मालकी कोणाची याचा विचार न करता कोर्ट त्याला कबजा परत देईल. मालक असलात तरी हात उचलू नका, असा याचा सरळ अर्थ. हीच तरतूद १८७७ च्या विशिष्ट अनुतोष कायद्यात नवव्या कलमात आली आणि १९६३ च्या कायद्यात सहाव्या कलमात आजही आहे. शेतजमिनीसाठी अशीच सहा महिन्यांची दाद १९०६ च्या मामलेदार कोर्टाच्या कायद्याने ठेवली.

तेवढ्यात मावळचे रूपच पालटले. १८६३ साली बोरघाटातून आगगाडी वर चढली आणि लोणावळे-खंडाळे मुंबईकरांच्या हाकेच्या अंतरावर आले. टेकड्यांवर बंगले उठले. मालक येणार उन्हाळ्यात नाहीतर सुट्टीत. बाकीचे दिवस बंगला माळ्याच्या आणि रखवालदाराच्या हवाली. त्याचा संसार तिथेच आउटहाउसमध्ये. त्याची पोरे तिथेच वाढतात, झाडे त्याच्या हाताने मोठी होतात. अशा ठिकाणी एक वाक्य फार ऐकू येते: ‘बारा वर्षे राहिला की घर त्याचं!’ या एका वाक्याने मालकाची झोप उडते आणि रखवालदाराचा संसार एका रात्रीत रस्त्यावर येतो.

हे वाक्य अर्धवट आहे. बारा वर्षांचा नियम लागतो तो मालकाच्या हक्काला उघड आव्हान देऊन केलेल्या कबजाला. परवानगीने राहणारा मनुष्य कितीही वर्षे राहिला, तरी तेवढ्याने मालक होत नाही. १८८२ चा वहिवाटीच्या हक्कांचा कायदा १८९१ साली मुंबई इलाख्याला लागू झाला. त्यात या परवानगीला ‘लायसन्स’ असे नाव आहे. परवानगी मोबदला घेऊन दिलेली असो वा फुकट असो, ती सामान्यतः मागे घेता येते. मात्र परवानगीवर विसंबून त्या मनुष्याने स्वतःच्या खर्चाने पक्के बांधकाम केले असेल, तर ती सहजी काढता येत नाही. आणि परवानगी संपली तरी निघायला व सामान हलवायला वाजवी मुदत ही द्यावीच लागते.

मग लोकांच्या मनात एवढी भीती का बसली? त्याचे एक कारण भाडे नियंत्रणाच्या इतिहासात आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडेकरूला भक्कम संरक्षण दिले. ते चुकवावे म्हणून मालक ‘भाडे’ हा शब्द टाळून लिव्ह अँड लायसन्सचा कागद करू लागले. तेव्हा १९७३ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू कराराने राहत असलेले लायसन्सदार भाडेकरू ठरले. ‘आज परवानगी द्यावी, उद्या कायदा बदलावा’ या धास्तीने पुष्कळांनी जागा कुलपात ठेवणे पसंत केले. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला, तेव्हा ही गाठ काहीशी सुटली. करार लेखी आणि नोंदलेला हवा, तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. राहण्याच्या जागेची मुदत संपूनही मनुष्य हलला नाही, तर सक्षम अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि लायसन्स शुल्काच्या दुप्पट नुकसानभरपाई मागता येते.

पण ज्याच्याशी कागदच नाही, अशा फुकट राहणाऱ्या नातेवाइकाचे काय? गोव्यातला एक खटला २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. बहिणीच्या घरात राहणाऱ्या भावाने कबजासाठी दावा लावला होता. न्यायालयाने सांगितले की जिव्हाळ्यापोटी फुकट राहू दिलेल्या मनुष्याला, तसेच राखणदाराला किंवा नोकराला, कितीही वर्षे राहून मिळकतीत हक्क उत्पन्न होत नाही. दावा कोणीही लावलेला असो, कोर्टाने दोघांचे हक्क तपासून निकाल दिला की कायद्याची रीत पाळली गेली. पुढच्याच वर्षी, मुंबईच्या एका प्रकरणात, फुकट राहणारा लायसन्सदारही लघुवाद न्यायालयाच्या कक्षेत येतो, असा निर्णय झाला.

तेव्हा वाट अशी आहे. परवानगी काढून घेतल्याची लेखी नोटीस द्यावी. तीत वाजवी मुदत असावी. मुदत टळली की दिवाणी दावा लावावा. वडगाव म्हटले की आपल्याला १७७९ चा तह आठवतो. पण मावळच्या मनुष्याला वडगाव म्हटले की तालुक्याचे कोर्ट आठवते! हुकूमनामा झाला, की कबजा घेऊन देईल तो कोर्टाचा बेलिफ. मध्येच कुलूप बदलायचे, वीज-पाणी तोडायचे, सामान अंगणात फेकायचे, असला उद्योग करू नका. त्याने फिर्यादी असलेला मालक आरोपी होऊन बसतो.

आणखी एक सावधगिरी. घरातला प्रत्येक नकोसा मनुष्य पाहुणा नसतो. पत्नीला किंवा सुनेला सामाईक घरात राहण्याचे संरक्षण २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने दिले आहे. कायद्याची रीत सोडून तिला बाहेर काढता येत नाही. उलट मुलेच म्हाताऱ्या आईबापांना छळत असतील, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याखाली न्यायाधिकरणाकडे जाता येते. महाराष्ट्रात ते काम उपविभागीय अधिकाऱ्याकडे असते.

मिरासदाराच्या काळापासून आजच्या बंगल्यापर्यंत प्रश्न एकच विचारला गेला: हा मनुष्य आत आला तो कोणत्या नात्याने? त्याचे उत्तर भांडणाच्या दिवशी शोधू गेलात, तर साक्षीदार मिळत नाहीत. ओसरी देण्याच्या दिवशीच चार ओळी लिहून ठेवा: कोणाला, किती दिवस, कशासाठी. माळ्याचा पगार आणि त्याची राहण्याची सोय दोन्ही त्यात घाला. त्यात भाच्याचा अपमान नाही आणि माळ्यावर अविश्वास नाही. त्या चार ओळींनी मालकाचे घर राखले जाते, आणि माळ्यालाही रात्री-अपरात्री पोराबाळांसह रस्त्यावर यावे लागत नाही.