आपट्याहून पुण्याच्या सेवासदनापर्यंत

पनवेल तालुक्यांतील आमचा आपटा गांव आज पुष्कळांना ठाऊक आहे तो त्याच्या आगगाडीच्या स्थानकामुळें. चित्रपटवाल्यांना तें स्थानक फार आवडतें. परंतु मी आज जी हकीकत सांगणार आहें, ती ह्या गांवांत आगगाडी येण्याच्या पुष्कळ आधींची आहे. सन १९१२ चा पावसाळा सरल्यावर आमच्या घरांतील एक सोळा वर्षांची मुलगी बैलगाडींत बसून पाताळगंगेच्या कडेकडेनें खोपोलीस गेली व तेथून कर्जतमार्गें आगगाडीनें पुण्यास पोंचली. डोक्यावर केस नव्हते, अंगावर तांबडें आळवण होतें, आणि पदराच्या गांठींत एक चिठ्ठी होती. चिठ्ठी पनवेलच्या एका मास्तरांनीं लिहिलेली, आणि तिच्यावर पत्ता पुण्याच्या सेवासदनाचा. माझ्या आजीची ही आत्या. म्हणून आम्ही नातवंडेंहि तिला आत्याच म्हणत असूं. १९७५ सालीं ती वारली तेव्हां मी शाळेंत शिकत होतों. तेव्हां पुढें जें सांगतों, त्यांतील घरगुती भाग तिच्या व आजीच्या तोंडून ऐकलेला आहे, एवढें श्रोत्यांनीं लक्षांत घ्यावें.

आत्याला अकराव्या वर्षीं वैधव्य आलें. सासरच्यांनीं तिचें केशवपन करविलें व तिला माहेरीं आणून सोडलें. पुढें पांच वर्षें तिनें माहेरीं काय केलें? पहाटेचें दळण, विहिरीचें पाणी, सोवळ्याचा स्वयंपाक, घरांतल्या बाळंतिणींचें न्हाणेंधुणें आणि दुपारीं एक वेळचें जेवण. ह्या घरच्या माणसांना मी दुष्ट कसें म्हणूं? तीं माझींच माणसें. त्यांनीं तिच्यावर कधीं हात उगारला नाहीं. मीं एकदां तिला पोरसवदा कुतूहलानें विचारलें होतें, "आत्या, तुला घरांत मारीत असत का गं?" ती म्हणाली, "मारलं नाहीं रे कुणी. पण बस, असंहि कुणी म्हटलं नाहीं." बिनपगारी आणि बिनसुटीची ही चाकरी त्या काळच्या कायद्यांत छळ म्हणून कोठेंहि नोंदलेली नव्हती. २००५ सालीं कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा झाला, त्यांत शारीरिक माराच्या जोडीला मानसिक व आर्थिक छळहि मोजला गेला, आणि ज्या घरांत स्त्री राहत आली त्या घरांत राहण्याचा तिचा हक्क मान्य झाला. आत्या आपट्याहून निघाली त्याला तोंवर त्र्याण्णव वर्षें लोटलीं होतीं.

आपल्याकडे स्त्रियांच्या सेवामंडळांनीं ह्या छळाला व पिळवणुकीला तोंड कसें दिलें, ह्याचा विचार करतांना मला एक गोष्ट नेहमीं जाणवते. सभा भरविणें, ठराव करणें, अर्ज धाडणें हीं कामें मोलाचीं खरींच. पण गांजलेल्या बाईनें उंबरठा ओलांडला तर रात्रीं निजावयाचें कोठें आणि सकाळीं खावयाचें काय, ह्याचें उत्तर ज्या मंडळाजवळ होतें, त्याच मंडळाचें म्हणणें पुढें सरकारनें व समाजानें कान देऊन ऐकलें. ज्यांच्या दाराशीं अशा बायका रोज येत, त्यांना इतरांहून अधिक माहीत होतें, हें त्याचें साधें कारण.

असें दार पहिल्यानें उघडलें तें जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं. १८६३ सालीं पुण्यांत त्यांनीं बालहत्याप्रतिबंधक गृह काढलें. फसलेल्या विधवेनें तेथें यावें, गुपचूप बाळंत व्हावें, मूल न्यावें किंवा ठेवून जावें. पुढें १८८१ सालीं सुरतेच्या विजयालक्ष्मी नांवाच्या विधवेला बालहत्येबद्दल फांशीची शिक्षा झाली, ती मागाहून सौम्य करण्यांत आली; त्या प्रकरणावर वर्तमानपत्रांनीं समस्त स्त्रीजातीला जीं दूषणें दिलीं, त्यांनीं संतापून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं १८८२ त 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिली. त्याच वर्षीं पंडिता रमाबाईंनीं पुण्यास आर्य महिला समाज स्थापन केला व हंटर कमिशनपुढें साक्ष देऊन स्त्रियांसाठीं शिक्षिका आणि स्त्रीवैद्य हवेत असें बजावून सांगितलें. १८८९ त त्यांनीं मुंबईंत शारदासदन काढलें. अण्णासाहेब कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई ह्या त्या सदनाच्या अगदीं पहिल्या विद्यार्थिनींपैकीं. परंतु सदनांतील मुली बाईंच्या ख्रिस्ती प्रार्थनेस बसतात ह्या गोष्टीवरून १८९३ त मोठा गहजब झाला. न्यायमूर्ति रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार मंडळांतून बाहेर पडले आणि पुष्कळ पालकांनीं आपल्या मुली काढून नेल्या. दार उघडें होतें, पण त्या दाराशीं मुलीला पाठविण्यास घरें धजेनात. ह्या वादांत कोणाचें किती चुकलें हें ठरविण्याची माझी पात्रता नाहीं. मात्र पुढें सेवासदनाचें धोरण जें इतकें जपून आंखलें गेलें, तें ह्या अनुभवामुळेंच, असें मला वाटतें.

सेवासदन ही संस्था प्रथम मुंबईंत १९०८ सालीं बेहरामजी मलबारी व दयाराम गिडूमल यांनीं काढली. मलबारी म्हणजे बालविवाह व सक्तीचें वैधव्य यांवर १८८४ त टिपणें प्रसिद्ध करून सगळा देश हालवून सोडणारे पारशी गृहस्थ. पुण्याचें सेवासदन १९०९ त सुरू झालें. त्याच्या मागें दोन माणसें होतीं. एक भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर, आणि दुसऱ्या रमाबाई रानडे. आरंभींचे वर्ग रानडे यांच्या वाड्यांतच भरत.

रमाबाईंना स्त्रीचा घरांतला छळ पुस्तकांतून शिकावा लागला नव्हता. अकराव्या वर्षीं त्या माधवरावांच्या घरीं आल्या. नवऱ्याच्या इच्छेनें त्या शिकूं लागल्या तेव्हां घरांतील वडीलधाऱ्या बायकांनीं त्यांना टोंचून बोलण्याची, अबोला धरण्याची एकहि संधि सोडली नाहीं. ती सारी हकीकत त्यांनीं १९१० त प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत लिहिली आहे. आणि आश्चर्य असें, कीं त्या बायकांविषयीं त्यांनीं कडू शब्द काढलेला नाहीं. मुंबईस असतांनाच त्यांनीं हिंदु स्त्रियांचा एक क्लब काढून तेथें भाषण करणें, शिवण वगैरेंचे वर्ग चालविले होते. १९०४ त मुंबईस भारत महिला परिषद भरली, तिच्या अध्यक्षा त्याच. पुण्यास त्या येरवड्याच्या तुरुंगांतील स्त्रीकैद्यांना भेटावयास जात, त्यांच्याशीं बोलत, त्यांना कांहीं वाचून दाखवीत.

सेवासदन फार मवाळ आहे, अशी टीका त्या काळीं सुधारकांतले तरुण करीत, आणि आजहि कोणी कोणी करतात. तींत तथ्य नाहीं असें नाहीं. रमाबाईंनीं पुराण-कीर्तन सोडलें नाहीं, जुन्या मंडळींना दुखविलें नाहीं. संस्थेंत येणाऱ्या स्त्रिया पुष्कळशा पांढरपेशा वर्गाच्या. गिरणींत राबणारी, देवाला वाहिलेली, रानांत कोळसा पाडणारी कातकरीण तेथवर क्वचितच पोंचली. ही उणीव मी झांकूं इच्छीत नाहीं. पण दुसरी बाजू अशी, कीं आपट्यासारख्या गांवांतल्या आमच्यासारख्या कर्मठ घरानें आपली सोवळी मुलगी ज्या एका संस्थेत पाठविण्यास कबुली दिली, ती हीच. माझे खापरपणजोबा म्हणाले होते म्हणे, "रानडे यांच्या बाई आहेत ना तेथें? मग जाऊं द्या." शारदासदनास ते नाहीं म्हणाले असते, ह्यांत मला तिळमात्र शंका नाहीं.

आत्या तेथें आधीं बाराखडी शिकली, मग चार इयत्ता, आणि मग परिचारिकेचें काम. ससून रुग्णालयांत सेवासदनाच्या विद्यार्थिनी हें शिक्षण घेत. ब्राह्मण विधवेनें परक्या माणसाचीं जखम धुवावी, हगणें-मुतणें काढावें, हें लोकांना किती ओंगळ वाटे, त्याची आज कल्पनाहि येणार नाहीं. आत्या सांगे, पहिल्या रात्रपाळीच्या सकाळीं तिनें चार वेळां डोक्यावरून अंघोळ केली; महिन्याभरांत तें सुटलें. आणि ज्या दिवशीं पहिला पगार हातीं पडला, त्या दिवशीं तिनें तो मोजला, परत मोजला, आणि कोणाला द्यावा हेंच तिला सुचेना! घरीं तिनें ह्याहून अधिक कष्ट केले होते. कष्टांना मोल असतें हें तिला तेथें प्रथम कळलें. केस तिनें त्यानंतर वाढूं दिले.

संस्था स्थिरावल्यावर रमाबाई चव्हाट्यावरहि उतरल्या, हें त्यांच्या मवाळपणावर बोलणारे विसरतात. फिजीसारख्या दूरच्या वसाहतींत करारानें नेलेल्या हिंदी मजुरांचे, विशेषतः त्यांतल्या बायकांचे, जे हाल होत, त्यांविरुद्ध त्यांनीं आवाज उठविला. मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर आपल्या कोंकणांतले लोकहि गेले होते, हें येथें आठवावें. त्यांचे वंशज तेथें अजून मराठी म्हणवितात. १९१७ सालीं जायजी पेटिट यांच्या पुढारपणाखालीं स्त्रियांचें एक शिष्टमंडळ ह्याच प्रश्नासाठीं व्हाइसरॉयास भेटलें. त्या वर्षीं मजूर धाडणें थांबलें व १९२० च्या आरंभीं उरलेसुरले करार रद्द झाले. त्याच १९२० सालीं पुण्याची नगरपालिका सक्तीचें प्राथमिक शिक्षण आधीं केवळ मुलांपुरतें लागू करूं पाहत होती, तेव्हां रमाबाईंच्या पुढाकारानें पुण्याच्या बायका मिरवणुकीनें रस्त्यावर आल्या. आत्या त्या मिरवणुकींत होती. लोक माडीवरून हंसत होते, असें ती सांगे. पुढें मुंबई इलाख्यांत स्त्रियांना मताधिकार मिळावा ह्या चळवळींतहि रमाबाई होत्या. १९२४ त त्या वारल्या तेव्हां पुण्याच्या सेवासदनांत हजाराहून अधिक स्त्रिया निरनिराळ्या शाखांत शिकत होत्या.

जानेवारी १९२७ त पुण्यासच अखिल भारतीय महिला परिषदेचें पहिलें अधिवेशन बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाड यांच्या अध्यक्षतेखालीं भरलें. परिषद शिक्षणासाठीं बोलाविलेली होती; पण मुलीचें लग्न नवव्या वर्षीं होणार असेल तर शिकवावयाचें कोणाला, हा प्रश्न आपोआप पुढें आला. सर मोरोपंत जोशी यांच्या समितीनें देशभर साक्षी घेतल्या. त्या समितींत रामेश्वरी नेहरू ह्याहि होत्या. अखेर हरबिलास सारडा यांचा कायदा १९२९ त मंजूर झाला. मुलीचें वय चौदा, मुलाचें अठरा. शिक्षा एक महिन्याची साधी कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. पण फिर्याद कोणी खासगी माणसानेंच करावयाची, त्यासाठीं शंभर रुपयांपर्यंत जामीन लिहून द्यावयाचा, आणि झालेलें लग्न मात्र कायम! कायदा अमलांत यावयाचा होता १ एप्रिल १९३० पासून. त्यापूर्वीं सहा महिने मिळाले, आणि त्या सहा महिन्यांत देशभर लग्नांची अशी झोड उठली, कीं जणूं दुष्काळापूर्वीं धान्य भरून ठेवावें.

त्या झोडींत माझी आजी सांपडली. ती तेव्हां नऊ वर्षांची होती. माहेर आपट्यांतलें, सासरहि आपट्यांतलेंच, मधें दोन आळ्या. फाल्गुनांत तिचें लग्न लागलें. आत्यानें पुण्याहून भावाला तीन पत्रें लिहिलीं. एकाचेंहि उत्तर आलें नाहीं. मग ती रजा घेऊन स्वतः आली, तों मांडव पडला होता. ती मंगलकार्यांत पुढें आली नाहीं, विधवेला तसा अधिकारहि नव्हता. मागील दारीं बसून राहिली व कोणाच्या हातचें पाणीहि प्याली नाहीं. तिसऱ्या दिवशीं पाहुणे पांगल्यावर ती ओसरीवर येऊन भावापुढें उभी राहिली.

"दादा, लग्न उरकलंस. आतां पोर मला दे."

"तुला काय द्यायची? ती आतां त्यांची झाली."

"त्यांची होईल चौदाव्या वर्षीं. तोंवर पुण्याला माझ्यापाशीं राहील, सेवासदनांत शिकेल. खर्च माझा. तूं व्याह्यांना सांग, नाहींतर मी सांगतें."

आजीचे सासरे, म्हणजे माझे पणजोबा, आश्चर्य म्हणजे लवकर कबूल झाले. नऊ वर्षांची सून घरांत आणून तिला खाऊंपिऊं घालण्यापेक्षां परभारें शिकत असलेली बरी, असा त्यांचा हिशेब असावा. त्यांना मी अधिक मोठेपणा देऊं इच्छीत नाहीं. पाडवा झाल्यावर, गांधीजी दांडीच्या वाटेवर होते त्याच दिवसांत, आत्या त्या पोरीला घेऊन बैलगाडीनें खोपोलीकडे निघाली. अठरा वर्षांपूर्वीं ती एकटी गेली होती त्याच वाटेनें. सेवासदनांत लग्न झालेल्या मुलींची व बायकांची सोय असे, त्यामुळें मंगळसूत्र घातलेली नऊ वर्षांची मुलगी तेथें कोणाला नवलाची वाटली नाहीं. तिच्यासारख्या त्या वर्षीं आणखी बऱ्याच आल्या होत्या, असें आजी म्हणे.

आजी पांच वर्षें पुण्यास राहिली. मराठी सातवी झाली, शिवण शिकली, पत्रें लिहूं लागली. १९३५ च्या वैशाखांत ती सासरीं आली तेव्हां तिनें आत्याच्या सांगण्यावरून एक काम पहिल्या आठवड्यांत केलें. दुपारच्या वेळीं आळींतल्या बायकांना तिनें आमच्या पडवींत बोलावलें, आणि त्यांचीं आलेलीं पत्रें त्यांना वाचून दाखवावयास सुरुवात केली. तोंवर बायकांचीं माहेरचीं पत्रें घरांतले पुरुष वाचून दाखवीत, आणि त्यांतलें जें सांगावयाचें तेवढेंच सांगत.