अकरावी सायन्स : आधी प्रश्नातलं इंग्रजी शिका

दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली मुलं अकरावी सायन्सला जातात, तेव्हा सगळं पुस्तक इंग्रजीत होतं. उत्तर येत असतं, पण प्रश्नात काय मागितलंय तेच कळत नाही आणि मार्क जातात. म्हणून प्रश्नातले शब्द आधी पक्के करावेत.

'डिफाइन' म्हणजे व्याख्या लिहा. 'स्टेट' म्हणजे नियम सांगा. इथं त्याचा अर्थ राज्य नव्हे. 'डिस्टिंग्विश' म्हणजे फरक लिहा. 'डिराइव्ह' म्हणजे सूत्र पायरीपायरीनं काढून दाखवा.

काही शब्दांचा अर्थ विषयाप्रमाणे बदलतो. 'सोल्युशन' म्हणजे गणितात उकल, रसायनशास्त्रात द्रावण. 'बेस' म्हणजे भूमितीत पाया, रसायनशास्त्रात आम्लारी. 'सेल' म्हणजे जीवशास्त्रात पेशी, भौतिकशास्त्रात विद्युत घट.

न्यूझीलंडच्या भाषा अभ्यासक ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली 'ॲकॅडेमिक वर्ड लिस्ट' प्रसिद्ध केली. उच्च शिक्षणाच्या पुस्तकांत वारंवार येणारी ५७० शब्दकुटुंबं तिच्यात आहेत. 'ॲनालाइज', 'ॲनालिसिस', 'ॲनालिटिकल' हे एकच कुटुंब. एक शब्द कळला की बाकीचे ओळखू येतात. ही यादी मोबाइलवर फुकट बघता येते.

नुसता अर्थ पाठ केला तर तो टिकत नाही. वहीत शब्द, मराठी अर्थ आणि पुस्तकातलंच एक वाक्य लिहावं. रोज पाच शब्द पुरेत. दुसऱ्या दिवशी आणि आठवड्यानं अर्थ झाकून पुन्हा आठवून बघावा. जो आठवला नाही, तो परत लिहावा.