सवय मोडण्याचे वैद्यक

परंडे, तुळजापूर, तेर, धाराशिव या बाजूच्या गावांतून हिंडणाऱ्यास जुन्या बारवा ठिकठिकाणी आढळतात. काळ्या दगडाचे चिरे, पाण्यापर्यंत उतरत गेलेल्या पायऱ्या, मधूनमधून दिवे ठेवण्याचे कोनाडे. पाहणारा पांथस्थ बांधणाऱ्याच्या कौशल्याची तारीफ करतो, आणि ती रास्तच आहे. कोरडवाहू मुलखात ज्याने बारव बांधली त्याने पुण्यच केले. परंतु या पायऱ्यांनी दख्खनच्या माणसाला पाण्याबरोबर आणखी एक वस्तू शतकानुशतके पुरविली. ती म्हणजे नारू.

आजच्या शाळकरी मुलास हा शब्द ठाऊक नसतो. वडीलधाऱ्यांपैकी ज्यांनी नारू पाहिला आहे, त्यांस त्याचे वर्णन करावयास नको. पायाला फोड यावा, अंगाची लाही व्हावी, फोड फुटून त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारख्या जंताने डोके बाहेर काढावे, आणि तो दीड-दोन हात लांबीचा जंत काडीला गुंडाळीत रोज बोट-दोन बोटे ओढून काढावा, असा हा प्रकार. घाई केली आणि जंत मध्येच तुटला तर पाय सुजून माणूस महिना महिना अंथरुणाला खिळावयाचा. त्यातही तो निघावयाचा पुष्कळदा उन्हाळ्याच्या अखेरीस, मशागतीच्या आणि पेरणीच्या तोंडावर. नारूने माणूस सहसा मरत नसे; त्याचे वर्ष मात्र मरत असे.

या रोगाचे रहाटगाडगे कसे फिरते, हे १८७० च्या सुमारास फेडचेंको या रशियन संशोधकाने उलगडले. पायाची आग शमविण्यासाठी रोगी बारवेत उतरून पाय पाण्यात सोडतो. त्याच वेळी जंताची मादी असंख्य सूक्ष्म पिले पाण्यात सोडते. पाण्यातील सायक्लॉप्स नावाचा बारीक जीव ती पिले गिळतो. ते पाणी कळशीत भरून घरी जाते, आणि पिणाऱ्याच्या पोटात गेलेला नारू सुमारे एका वर्षाने त्याच्याच पायातून बाहेर पडतो. तो पुन्हा बारवेत उतरतो.

नारूवर औषध नाही. लस नाही. एकदा होऊन गेला म्हणजे पुन्हा होत नाही, असेही नाही. उपाय म्हणाल तर दोनच, आणि दोन्ही घरचे: पाणी दुहेरी फडक्याने गाळून प्यावे, आणि नारू निघालेल्या माणसाने पाण्यात उतरू नये. इतकी सोपी गोष्ट लोकांच्या गळी उतरण्यास इतका काळ का लागावा? मराठवाड्यात निजामी अमदानी १९४८ साली संपली, १९५६ साली हा मुलूख मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला. राज्ये बदलली; बारवेत उतरणारी पाऊलवाट बदलली नाही.

याचे कारण लोकांच्या अज्ञानात शोधण्याची पद्धत आहे. ती सोयीची असली तरी बरोबर नाही. पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसे. आजोबा तेच पाणी पिऊन ऐंशी वर्षे जगलेले. आज प्यालेल्या घोटाचे फळ पुढल्या उन्हाळ्यात दिसावयाचे. मग घोट आणि फोड यांचा संबंध शेतकऱ्याने जोडावा तरी कसा? कोणी तो रक्ताचा दोष म्हणत, कोणी देवाचा कोप. कार्य आणि कारण यांच्यामध्ये वर्षभराची भिंत उभी असली म्हणजे शहाणा माणूसही चुकतो. ‘पाणी गाळून प्या’ अशी पाटी चावडीवर रंगविणे सोपे. पण चावडीची भिंत पाणी पीत नाही.

नारू हटविण्याची देशव्यापी मोहीम १९८३-८४ च्या सुमारास सुरू झाली. तेव्हा महाराष्ट्रासह सात राज्यांत मिळून सुमारे ४०,००० रोगी आढळले होते. कार्यकर्ते घरोघर फिरून रोगी शोधू लागले. पायऱ्यांच्या विहिरींना कठडे बांधून त्या रहाटाच्या व पोहऱ्याच्या करण्यात आल्या, हातपंप बसले, पाण्यात औषध टाकण्यात आले. हातपंपाचे श्रेय हातपंपास दिलेच पाहिजे. केवळ उपदेशाने नारू गेला असे कोणी म्हणेल तर ते खरे नव्हे. पण पंप बसेपर्यंतच्या काळात, आणि पंप नादुरुस्त होई त्या दिवसांत, गाळण्याचे फडकेच उपयोगी पडे. ते फडके घागरीच्या तोंडावर आणले कोणी? बारवेचे पाणी काचेच्या बाटलीत भरून उन्हाकडे धरावे, त्यात तुरुतुरु हलणारे पांढरे ठिपके गावकऱ्यास त्याच्याच डोळ्यांनी पाहू द्यावेत, मग तेच पाणी फडक्यातून ओतून पुन्हा बाटली दाखवावी; ही युक्ती शंभर व्याख्यानांहून भारी ठरली. भारतातील नारूचा अखेरचा रोगी जुलै १९९६ मध्ये राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात नोंदला गेला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त ठरविला. ज्या रोगावर औषध नाही तो रोग सवय बदलल्याने गेला, याचे इतके स्पष्ट उदाहरण वैद्यकाच्या इतिहासात दुसरे क्वचितच सापडेल.

सवय बदलविणारे माणूस कोण असावे, याचा शोध याच सुमारास धाराशिव जिल्ह्याला लागूनच चालला होता. भूम तालुक्याची हद्द ओलांडली की खर्डे लागते आणि त्यापुढे जामखेड. तेथे १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. दोघेही वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले, पुढे अमेरिकेत जाऊन सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतलेले. अशा माणसांनी मोठे रुग्णालय बांधले असते तर नवल नव्हते. प्रथम त्यांनी शिकलेल्या परिचारिका गावांत ठेवून पाहिल्या. त्या मुली कष्टाळू होत्या, परंतु गावाला परक्या, वयाने लहान आणि एकट्या. चार पोरांच्या आईने त्यांचे का ऐकावे? तेव्हा विचार असा निघाला की, गावातलीच एखादी पोक्त बाई, जिच्यावर गावाचा विश्वास आहे, तिलाच का शिकवू नये?

त्या बायांपैकी बहुतेक निरक्षर होत्या, आणि कित्येक अशा जातींतल्या की ज्यांची सावलीही पूर्वी वाड्यांतून टाळली जाई. आठवड्यातून एकदा त्या जामखेडास येत, एकत्र जेवत, एकत्र मुक्काम करीत, आणि मग गावी परत जात. शिकावयाचे थोडे, करून पाहावयाचे पुष्कळ, आणि पुढल्या आठवड्यात येऊन काय जमले व काय फसले ते सांगावयाचे. गरोदर बाईने कमी खावे म्हणजे मूल लहान राहून सुखाने सुटका होते, अशी समजूत घराघरांत होती. डॉक्टरने ती खोटी म्हटल्याने ती गेली नाही. शेजारच्या बाईने आपल्या सुनेला पोटभर खाऊ घातले, आणि नातू धडधाकट झालेला गल्लीने पाहिला, तेव्हा ती गेली. आरंभी त्या गावांत हजारी पावणेदोनशेच्या सुमारास अर्भके वर्षाच्या आत दगावत. शतक संपण्यापूर्वी हा आकडा पंचविसाच्या खाली उतरला. १९७९ साली आरोळे दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळाले.

धाराशिव जिल्ह्यातही हेच बीज रुजले. तुळजापूर तालुक्यात अणदूर येथे डॉ. शशिकांत अहंकारी आणि डॉ. क्रांती रायमाने यांनी हॅलो मेडिकल फाउंडेशन उभे केले आणि गावोगावच्या स्त्रियांना आरोग्याचे शिक्षण देऊन त्यांस ‘भारतवैद्य’ असे नाव दिले. नाव मोठे वाटेल. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने उमरगे-लोहारे भागातील घरे जमीनदोस्त झाली, हे ज्यांस स्मरते त्यांस या भागात गावचे माणूस वैद्यकी जाणणारे असण्याचे मोल निराळे सांगावयास नको.

या स्त्रिया जे करीत होत्या त्याला पाश्चात्त्य देशांत आता ‘हेल्थ कोचिंग’ असे नाव पडले आहे आणि त्याचे शास्त्र झाले आहे. माणसाला सवय सोडावयास लावताना त्याला दटावू नये, त्याच्याकडून त्याची स्वतःची कारणे वदवून घ्यावीत, हा विचार विल्यम मिलर यांनी १९८३ साली दारू पिणाऱ्यांवरील कामातून मांडला. वाचून कोणाही मराठी माणसास गाडगेबाबा आठवावेत. १९५६ साली देह ठेवीपर्यंत हा पुरुष कीर्तनात उपदेश थोडा करी आणि प्रश्न फार विचारी. उत्तर समुदायाच्या तोंडून यावे, आणि दिलेले उत्तर माणसाने घरी नेऊन त्याचा विचार करावा, ही त्यांची रीत. शास्त्र पुढे आले, रीत आधीच होती.

त्याहूनही जुना दाखला वाग्भटाचा. अष्टांगहृदयात आणि त्यापूर्वी चरकसंहितेत असे सांगितले आहे की, अंगवळणी पडलेली वाईट सवय एकदम तोडू नये. तिचा चौथा हिस्सा सोडावा आणि त्या जागी तितकाच हिस्सा चांगल्या सवयीचा घालावा, मध्ये काही दिवस जाऊ द्यावेत, मग पुढचा हिस्सा. शरीराला आणि मनाला सवरण्यास अवधी लागतो, हे त्या आचार्यांनी ओळखले होते. दिवसातून दहा वेळा तंबाखू मळणाऱ्यास ‘आजपासून बंद’ असे फर्मावणारे डॉक्टर या बाबतीत वाग्भटाहून मागे आहेत, असे म्हणणे भाग आहे.

आता नारूच्या जागी दुसरे पाहुणे आले आहेत. गावात त्यांना ‘शुगर’ आणि ‘बीपी’ म्हणतात. शाळूची भाकरी आणि वरण खाऊन दिवसभर शेतात राबणाऱ्या जिल्ह्यात हे शहरी रोग कोठून आले, याचे आश्चर्य करण्याचे दिवस गेले. औत जाऊन ट्रॅक्टर आला, पायी जाण्याऐवजी फटफटी आली, चहात साखर वाढली, पोरांच्या हाती पुड्यांतले तळलेले खाणे आले. नारूत घोट आणि फोड यांमध्ये एक वर्ष असे. येथे घास आणि रोग यांमध्ये पंधरा-वीस वर्षे जातात. शिवाय नारूची आग तरी कळे. वाढलेली साखर वर्षानुवर्षे कोठे दुखत नाही. म्हणून हे काम नारूच्या कामाहून अवघड आहे.

मात्र ते होण्यासारखे आहे, हे सिद्ध झालेले आहे. फिनलंडच्या उत्तर कारेलिया प्रांतात हृदयरोगाने कर्ते पुरुष भराभर दगावत, तेव्हा १९७२ पासून तेथे लोण्याचा आणि मिठाचा अतिरेक कमी करण्याचे काम सुरू झाले. त्यात गृहिणींच्या मंडळांनी स्वयंपाकघरापासून आरंभ केला आणि काही दशकांत ते मृत्यू कितीतरी पटींनी घटले. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या तीन हजारांहून अधिक माणसांवर एक मोठा प्रयोग होऊन २००२ साली त्याचा निकाल प्रसिद्ध झाला. ज्यांना एकेक मार्गदर्शक जोडून देऊन आहार, वजन व चालणे यांत थोडाथोडा बदल करविला, त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांत ३१ टक्क्यांनी. चेन्नईत डॉ. रामचंद्रन यांनी भारतीयांवर तसाच प्रयोग केला, त्याचा निकाल २००६ साली आला: राहणी बदलल्याने सुमारे २८ टक्के घट, गोळीने सुमारे २६ टक्के. आकडा लहान झाला, पण एका गोष्टीची खात्री पटली की, पुन्हा पुन्हा येऊन विचारपूस करणारे माणूस गोळीपेक्षा कमी पडत नाही.

ते माणूस धाराशिव जिल्ह्यात आज आहे. २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानापासून सुमारे हजार वस्तीस एक आशा कार्यकर्ती नेमली जाऊ लागली. जामखेडची कल्पना सरकारने अशा रीतीने देशभर नेली. परंतु नेताना तिच्यातला एक भाग वाटेत सांडला. आशाच्या मोबदल्याचा मोठा भाग कामागणिक ठरलेला आहे. बाळंतपणास रुग्णालयात नेले, अमुक; लसीकरण पुरे केले, तमुक. ही कामे एकदा केली की झाली आणि मोजता येतात. सखूबाईच्या नवऱ्याची तंबाखू पाव हिश्श्याने कमी व्हावी म्हणून सहा वेळा त्यांच्या ओट्यावर जाऊन बसणे हे मोजावे कसे? जामखेडच्या बायांना दर आठवड्यास कोणी तरी विचारी की, काय फसले. आशाला बहुधा विचारले जाते की, किती झाले.

तीस वर्षांवरील प्रत्येकासाठी आशा एक पत्रक भरते. वय, तंबाखू, दारू, कमरेचे माप, घरात कोणास साखर किंवा रक्तदाब आहे काय, आणि आठवड्यात १५० मिनिटे अंगमेहनत होते काय, असे त्यात विचारलेले असते. दिवसभर खुरपणी करून आलेल्या बाईस शेवटचा प्रश्न विचारताना आशेलाच हसू आले तर तिला दोष देता येणार नाही. गुण चारांहून अधिक भरले की त्या माणसास तपासणीस आधी पाठवावयाचे. पत्रक चांगले आहे. त्याने रोगी लवकर सापडतो. पण त्या माणसाची काय सोडण्याची तयारी आहे, आणि कोणत्या महिन्यापासून, हा प्रश्न त्यात नाही. तो आशाने आपल्या मनाने विचारावयाचा, आणि उत्तर ऐकण्यास पुन्हा यावयाचे, तेही दुपारची उन्हे उतरल्यावर, आपले घरचे काम आटोपून.