आवाजाची वाट राखणारी तार



कर्ण्यांतून येणारा शब्द आपण ऐकतों; तो ज्या तारेंतून आला, तिची आठवण मात्र ती बिघडल्यावांचून होत नाहीं. मालवणच्या किनाऱ्यावरील एका जत्रेंत दशावताराचा खेळ चालला होता. संकासुर बोलूं लागला, पण कर्ण्यांतून त्याच्या शब्दांपेक्षां गुणगुणच अधिक ऐकूं येई. मायक्रोफोनची साधी तार दिव्यांच्या तारेला बिलगून नेलेली होती. एका मुलानें ती दूर सारली, तेव्हां कोठें संकासुराचा विनोद मागल्या रांगेंतील म्हाताऱ्यांपर्यंत पोहोंचला.

तारेचें रक्षण कसें करावें, हा प्रश्न जुनाच आहे. १८७० सालीं मुंबईहून एडनमार्गें सुवेझपर्यंत समुद्रतार टाकण्यांत आली. तिच्या तांब्याला पाणी लागूं नये म्हणून गटापर्चा नांवाच्या झाडाच्या चिकाचें वेष्टण होतें. आपल्या अंगणांतील बकुळ आणि चिकू त्याच झाडाच्या कुळांतले!

परंतु शेजारच्या विजेचा उपद्रव अशा वेष्टणानें थांबत नाहीं. त्यावर दोन उपाय निघाले. १८८० सालीं ऑलिव्हर हेविसाइड यांनीं एक तार मध्यें व दुसरी नळीसारखी तिच्याभोंवतीं, अशा रचनेचें पेटंट घेतलें. ही समाक्ष केबल होय. पुढच्याच वर्षीं अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनीं टेलिफोनसाठीं दोन तारा एकमेकींना पिळण्याची युक्ति नोंदविली. आवाजाचा प्रवाह एकीतून जातो व दुसरीतून परततो; बाहेरचा उपद्रव मात्र दोघींवर सारखाच होतो. शेवटीं दोघींमधील फरक तेवढा घेतला, कीं उपद्रवाची वजाबाकी आपोआप होते.

मुंबईचें नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें. दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं. कानाला ऐकूं येणारीं कंपनें सेकंदास सुमारें वीस हजारांपर्यंत असतात. चित्राचीं पन्नास लाखांच्या घरांत जातात. म्हणून चित्राकरितां समाक्ष केबल आणि मायक्रोफोनकरितां जाळीनें वेढलेली पिळाची जोडी, अशी कामाची वांटणी रूढ झाली. आतां कांचेच्या तंतूंतून प्रकाश दोन्ही वाहून नेतो. तरी मायक्रोफोनपासूनचीं पहिलीं पावलें बहुधा तांब्याच्या तारेनेंच टाकावीं लागतात.

आमच्या खाऱ्या हवेंत त्या तांब्यावर लवकरच हिरवट थर चढतो. दशावतारी नटांचे, घरच्या वडीलधाऱ्यांचे बोल यंत्रांत सांठवूं पाहणाऱ्या तरुणांना म्हणूनच एवढें सांगतों: आधीं तार तपासा. पहिल्या पावलास हरवलेला शब्द पुढलें कोणतेंही यंत्र पुरतेपणीं परत आणूं शकत नाहीं. आणि बोलणारा माणूस पुन्हां भेटेलच, असें नाहीं.