ट्रिफॉन इवानोव्ह: चेहऱ्याने झाकलेला खेळाडू

फुटबॉलमध्ये गोल करणाऱ्याचे नाव राहते, गोल अडवणाऱ्याचे सहसा राहत नाही. बल्गेरियाचा बचावपटू ट्रिफॉन इवानोव्ह याला अपवाद ठरला. मात्र ज्या कारणाने ठरला, ते मला कधी पटले नाही.

वाढलेली दाढी, मानेवर रुळणारे केस, खोल गेलेले डोळे. लोक त्याला ‘बल्गेरियन लांडगा’ म्हणत. भीतीदायक खेळाडूंच्या याद्यांत त्याचा फोटो आजही फिरतो. मी वर्गात एकदा तो दाखवला तेव्हा मुले खूप हसली. मग मी त्यांना 1994 ची गोष्ट सांगितली.

त्याआधी बल्गेरिया पाच विश्वचषकांत 16 सामने खेळला होता आणि त्यांतला एकही जिंकला नव्हता. अमेरिकेतही पहिल्याच सामन्यात नायजेरियाने 3-0 ने हरवले. पुढे ग्रीस, अर्जेंटिना, पेनल्टीवर मेक्सिको असे करत संघ 10 जुलैला जगज्जेत्या जर्मनीसमोर उभा राहिला. त्या दिवशीच्या अकराही बल्गेरियनांची आडनावे ‘ओव्ह’ किंवा ‘एव्ह’ने संपत होती. (हा प्रत्यय आपल्या ‘चा’सारखाच: इवानोव्ह म्हणजे इवानचा. भाषेच्या शिक्षकाला अशा गोष्टी आधी दिसतात, त्याला इलाज नाही.)

समोर क्लिन्समन आणि फोलर. दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीलाच मॅथ्यूसने पेनल्टीवर गोल केला. नंतर मोलरचा फटका खांबाला लागला, फोलरचा गोल ऑफसाइड ठरला. इथे बचाव कोसळला असता तर पुढचे काही घडलेच नसते. इवानोव्ह आणि हुब्चेव्ह मधोमध टिकून राहिले. 75 व्या मिनिटाला स्टॉइचकोव्हची फ्री-किक, 78 व्या मिनिटाला लेचकोव्हचे हेडर, सामना 2-1. उपांत्य फेरीत इटलीने रोखले, पण चौथे स्थान मिळाले. आठवणीत राहिले ते स्टॉइचकोव्हचे सहा गोल आणि लेचकोव्हचे टक्कल. इवानोव्हच्या वाट्याला दाढी आली.

हा माणूस 1965 मध्ये गोर्ना लिप्नित्सा या खेड्यात जन्मला. एतार क्लबातून तो राजधानीतल्या सीएसकेए सोफियात गेला, पुढे स्पेनमध्ये बेटिसकडून आणि स्वित्झर्लंडमध्ये झामाक्सकडून खेळला. बचावपटू असूनही लांबून गोलवर फटके मारायची त्याला भारी हौस. बरेचसे प्रेक्षकांत जात, तरी लोकांना त्याचीच मजा वाटे. डिसेंबर 1994 मध्ये वेल्सविरुद्ध कार्डिफला त्याने पाचव्याच मिनिटाला गोल केला होता.

व्हिएन्नात रॅपिड क्लबाकडून 1996 मध्ये त्याने ऑस्ट्रियाची लीग जिंकली. त्याच वर्षी कप विनर्स कपच्या अंतिम सामन्यात पॅरिसच्या संघाने रॅपिडला 1-0 ने हरवले.

13 फेब्रुवारी 2016 रोजी हृदयविकाराच्या झटक्याने तो गेला. वय अवघे 50. बातम्यांसोबत पुन्हा तोच फोटो छापून आला.